पारदर्शक पत्रा घेताना डोळे उघडे ठेवा



वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे रोज वाचन होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका वर्षावासात महिला मंडळाने ठरवले की, बुद्धमूर्तीला धुळीपासून जपण्यासाठी एक पारदर्शक पेटी करायची. धुणीभांडी करणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, विड्या वळणाऱ्या आमच्या भगिनींनी दर आठवड्याला दहा-वीस रुपये बाजूला टाकून पैसे जमवले. काच नको, मुले खेळता खेळता फोडतील, असे सर्वांचे मत पडले. पत्रा आणून पेटी करण्याचे काम आमच्यावर आले, कारण हत्यारे हाताळण्याची सवय आम्हाला आहे.

आम्ही बाजारात गेलो आणि दुकानदाराला म्हणालो, ‘‘पारदर्शक फायबर द्या.’’ त्याने दिले. भाव स्वस्त वाटला, आम्ही खूश झालो. पेटी झाली, पौर्णिमेला वंदना झाली, सर्वांनी कौतुक केले. दीड वर्षात पेटी पिवळट पडली. प्रत्येक स्क्रूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा फुटल्या. एका भगिनीने डाग काढावा म्हणून थिनरचा बोळा फिरवला, तर ती जागा चिकट होऊन कापूसच तिला चिकटला. शेवटी दाराचा कोपरा हातात तुटून आला. मंडळातल्या कोणी आम्हाला एका शब्दाने बोलले नाही आणि तेच आम्हाला अधिक लागले.

दुसऱ्यांदा आम्ही पदरचे पैसे घातले आणि चौकशी करून चांगला ॲक्रिलिकचा पत्रा आणला. ती पेटी आजही काचेसारखी स्वच्छ आहे. त्या पत्र्याचा एक तुकडा उरला होता. वस्तीतला एक तरुण फॅब्रिकेशनच्या कारखान्यात कामाला जातो. तिथल्या ग्राईंडरची पुढची काच फुटली होती आणि महिने उलटले तरी नवी बसली नव्हती. तो तुकडा मागायला आला. आम्ही दिला आणि वर म्हणालो, ‘‘घेऊन जा, अस्सल माल आहे.’’

पंधरा दिवसांनी तो कपाळाला पट्टी बांधून आला. चाक आणि टेकू यांच्यामध्ये लोखंडाचा लहान तुकडा अडकला आणि उडून त्या पत्र्यावर बसला. पत्र्याचे सुरीसारखे तुकडे झाले. एक तुकडा भुवईच्या वर घुसला. तीन टाके पडले. अर्धा इंच खाली लागला असता तर डोळा गेला असता. तो रागावला नव्हता. त्याने फक्त विचारले, ‘‘काका, पत्रा तर अस्सल होता ना?’’

पत्रा अस्सलच होता. पण तो मूर्तीच्या पेटीचा पत्रा होता, ग्राईंडरचा नव्हता. पहिल्या वेळी आम्ही माल ओळखला नाही. दुसऱ्या वेळी माल ओळखला, पण काम ओळखले नाही. आमच्या या दोन चुका कोणी पुन्हा करू नयेत म्हणून आजचा लेख.

नाव एक, माल अनेक

आपल्याकडे दिसायला काचेसारखे आणि वजनाला हलके जे काही असेल त्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतात. खरे फायबर म्हणजे काचेच्या धाग्यात राळ मिसळून केलेला पत्रा. घरावरच्या पत्र्यांमध्ये उजेडासाठी जो दुधी, नालीदार पत्रा पूर्वीपासून बसवतात तो हा. उजेडाकडे धरला की त्यात धागे दिसतात. त्याच्या आरपार चेहरा स्वच्छ दिसत नाही. म्हणजे ज्याच्या आरपार स्वच्छ दिसते ते फायबर नव्हेच.

बाजारात आरपार दिसणारे पत्रे मुख्यतः पाच जातींचे मिळतात.

पहिला ॲक्रिलिक. जर्मनीतल्या ओटो रोहम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये तो ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांपुढची पारदर्शक टपे याच मालाची होती. ती टपे फुटून काही वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे गेले, पण डोळ्याने ते तुकडे सहन केले, असे लंडनचे डोळ्यांचे डॉक्टर हॅरोल्ड रिडले यांनी पाहिले. त्यातून त्यांना कल्पना सुचली आणि १९४९ मध्ये त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात ॲक्रिलिकचे भिंग बसवले. आज आपल्या आई-वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदूनंतर जे भिंग बसते त्याची सुरुवात तिथली. दाताच्या कवळीचा गुलाबी भागही ॲक्रिलिकचाच असतो.

दुसरा पॉलीकार्बोनेट. १९५३ मध्ये जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघांनी तो स्वतंत्रपणे शोधला. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानातल्या अंतराळवीरांच्या डोक्यावरचे गोल पारदर्शक शिरस्त्राण याच मालाचे होते. कारखान्यातले सुरक्षा गॉगलही बहुतेक याचेच असतात.

तिसरा पॉलिस्टायरिन. स्वस्त फोटोफ्रेमला काचेऐवजी लावतात तो पुष्कळदा हाच. आमच्या पहिल्या पेटीचा पत्राही हाच निघाला.

चौथा पी.व्ही.सी. आणि पाचवा पेट, म्हणजे ज्याच्या पाण्याच्या बाटल्या होतात तो. हे दोन्ही बहुधा पातळ पत्र्यात मिळतात. २०२० साली करोनाच्या साथीत तोंडापुढे बांधायच्या ज्या पारदर्शक ढाली निघाल्या त्या बहुतेक पेटच्या होत्या, आणि दुकानांच्या गल्ल्यावर जे उभे पडदे लागले त्यांत ॲक्रिलिकचे पुष्कळ होते.

ओळखायचे कसे?

दुकानदार वाईटच असतो असे नाही. पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. तेव्हा परीक्षा आपणच करावी. दुकानात कापलेले लहान तुकडे पडलेले असतात. ज्या पत्र्यातून माल घ्यायचा, त्याच पत्र्याचा बोटभर तुकडा मागून घ्यावा. आधी सोप्या परीक्षा कराव्यात, जाळण्याची सर्वांत शेवटी.

*वजन आणि कड.* काच आणि प्लास्टिक यांत गोंधळ होऊ नये. ३ मि.मी. जाडीची एक चौरस फूट काच सुमारे ७०० ग्रॅम भरते. तेवढेच ॲक्रिलिक सुमारे ३३० ग्रॅम, म्हणजे निम्म्याहून कमी. काचेची कड हिरवट दिसते. ॲक्रिलिकची कड पाण्यासारखी स्वच्छ दिसते. पॉलीकार्बोनेटची कड बहुधा थोडी निळसर किंवा काळसर दिसते. मात्र नुसत्या कडेवर विसंबू नये.

*आवाज.* तुकडा फरशीवर टाकावा. पॉलिस्टायरिन पत्र्याच्या डबीसारखा खणखणतो. ॲक्रिलिक आणि पॉलीकार्बोनेट यांचा आवाज बद्द येतो.

*मिठाचे पाणी.* एक लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम मीठ विरघळवावे आणि साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तुकड्याला बुडबुडे चिकटत नाहीत. त्यात तुकडा बुडवून सोडावा. पॉलिस्टायरिन वर तरंगतो, बाकीचे चारही तळाशी जातात. ही परीक्षा स्वयंपाकघरातही करता येते आणि हिच्यात धोका काहीच नाही. आम्ही त्या पहिल्या दिवशी ही एवढी परीक्षा केली असती तर मंडळाचे पैसे वाचले असते. साध्या पाण्यातच तुकडा तरंगला, तर तो या पाचांपैकी कोणताच नव्हे.

*वाकवणे.* अर्धा इंच रुंद पट्टी जाड फडक्यात गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल लावून, शिकंज्यात धरून वाकवावी. ॲक्रिलिक थोडे वाकून फटकन तुटते. पॉलिस्टायरिन त्याहून लवकर तुटते आणि तुटण्याआधी घडीवर पांढरे पडते. पॉलीकार्बोनेट काटकोनात वाकते तरी तुटत नाही. पी.व्ही.सी. आणि पेट हेही वाकतात, म्हणून वाकणारी पट्टी लगेच पॉलीकार्बोनेट समजू नये. तिथे पुढची परीक्षा लागते.

*ज्योत.* ही परीक्षा उघड्यावर, मुलांना दूर ठेवून, शेजारी पाण्याची बादली घेऊन करावी. काडेपेटीच्या काडीएवढा तुकडा पकडीत धरावा. पेटलेल्या तुकड्यावर नाक धरू नये. ज्योत विझल्यावर हाताने वारा घालून दुरूनच वास घ्यावा.

ॲक्रिलिक लगेच पेटते, तडतडते, जळत राहते. ज्योतीचा बुडखा निळसर असतो, धूर कमी असतो आणि वास फळासारखा गोड येतो. पॉलिस्टायरिनही लगेच पेटते, पण काळाकुट्ट धूर सोडते आणि काजळीची जळमटे हवेत तरंगतात. पॉलीकार्बोनेट पेटायला कष्ट पडतात. ते काळे पडून करपते आणि ज्योत बाजूला घेतली की थोड्या वेळात आपोआप विझते. पी.व्ही.सी.ही विझते, पण त्याच्या ज्योतीच्या कडेला हिरवट रंग दिसतो आणि धूर नाकाला झोंबतो. तो धूर आम्लाचा असतो, विषारी असतो. हिरवट रंग दिसला की तुकडा पाण्यात टाकून बाजूला व्हावे. पेट जळत राहते आणि त्याचे वितळलेले थेंब खाली पडतात.

म्हणजे काटकोनात वाकला, तुटला नाही, हिरवट ज्योत आली नाही आणि आपोआप विझला, तो पॉलीकार्बोनेट. वाकताना फटकन तुटला, मिठाच्या पाण्यात बुडाला आणि फळाच्या वासाने जळत राहिला, तो ॲक्रिलिक. एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

या परीक्षा कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेतल्या आहेत असे समजू नका. धारावीत भंगाराचे प्लास्टिक निवडणारे कामगार तुकडा आपटून, वाकवून, जाळून, वास घेऊन त्याची जात सांगतात. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यात आपल्या दलित समाजातल्या स्त्रिया फार मोठ्या संख्येने आहेत. कोणते प्लास्टिक कोणत्या भावाचे हे या भगिनी हाताने चाचपून ओळखतात. हे ज्ञान आपल्याच घरात आहे. त्याला कोणी पदवी दिली नाही, एवढेच. पत्रा घ्यायला जाताना वस्तीतली अशी एखादी जाणती मावशी सोबत असेल, तर तिला विचारायला लाजू नका.

कोणत्या कामाला कोणता पत्रा?

*मूर्तीची पेटी, ग्रंथाची पेटी, फोटो, सन्मानचिन्ह.* या कामांना ॲक्रिलिक. चांगल्या ॲक्रिलिकमधून ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. उन्हाने ते सहसा पिवळे पडत नाही. ओरखडा पडला तर पॉलिश करून काढता येतो. त्यातही दोन प्रकार असतात, साच्यात ओतलेले आणि यंत्रातून दाबून काढलेले. ओतलेल्याचा भाव जास्त असतो, पण ते कापायला, छिद्र पाडायला आणि जोडायला बरे पडते. दाबून काढलेले कापताना गरम होऊन करवतीला चिकटते.

आता एक अगदी महत्त्वाची सूचना. आपण वंदनेच्या वेळी मूर्तीपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लावतो. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि पेटले तर लाकडासारखे जळते. म्हणून पेटीच्या आत मेणबत्ती कधीही लावू नका. पेटीपासून निदान दीड फूट दूर, स्टीलच्या ताटात किंवा फरशीच्या तुकड्यावर मेणबत्ती ठेवा. वर पेटीचा कोणताही भाग येता कामा नये. वंदना संपल्यावर विहाराला कुलूप लावण्याआधी मेणबत्ती विझवा. पेटीत उजेड हवा असेल तर एल.ई.डी.ची पट्टी लावा, जुना तापणारा दिवा नको. घरातल्या लहान पेटीलाही हाच नियम.

*ग्राईंडर, लेथ, ड्रिल यांच्यापुढचा आडोसा.* या कामाला फक्त पॉलीकार्बोनेट. ३ मि.मी. पॉलीकार्बोनेटवर हातोडी मारली तर खळगा पडेल, पण ते सुऱ्यांसारखे फुटणार नाही. ॲक्रिलिक महाग असो, अस्सल असो, या कामाला ते चालणार नाही. आमच्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते आणि ते आम्हाला आधी ठाऊक असायला हवे होते. पॉलीकार्बोनेटवर ओरखडे लवकर पडतात, तेल आणि थिनर लागले की ते आतून चिरत जाते. धुरकट झाले, चिरा दिसू लागल्या की निःशंक बदलून टाकावे.

आणखी एक. आडोसा लावला म्हणून गॉगल काढायचा नाही. ग्राईंडरच्या चाकावरचे लोखंडी झाकण तर मुळीच काढायचे नाही. दगडी चाक फुटले तर त्याचे तुकडे अडवण्याचे काम त्या लोखंडाचे आहे, पारदर्शक पत्र्याचे नाही. चाक आणि टेकू यांच्यात फट वाढली की लहान तुकडे आत ओढले जातात. ती फट ३ मि.मी.च्या आत ठेवावी.

*छपरातला उजेड.* पक्के पॉलीकार्बोनेट घ्यावे, पण एक गोष्ट विचारून घ्यावी. या पत्र्याला उन्हाचा लेप असतो आणि बहुधा तो एकाच बाजूला असतो. कोणती बाजू सूर्याकडे करायची ते वरच्या झिल्लीवर छापलेले असते. झिल्ली आधी सोलून टाकली आणि पत्रा उलटा बसला, तर तो लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो. बाजूवर खडूने खूण करून मगच झिल्ली काढावी. छपरावर चढल्यावर पारदर्शक पत्र्यावर कधीही पाय देऊ नये, मग तो कोणताही असो. दरवर्षी पावसाळ्याआधी छपरे दुरुस्त करायला आपलीच माणसे चढतात. आडवी फळी टाकून तिच्यावरून चालावे.

*मुलांचे शाळेचे प्रकल्प.* पेरिस्कोप, पाण्याची टाकी, सूर्यचूल, भूमितीची ठोकळी अशा कामांना ॲक्रिलिकचे उरलेले तुकडे फार चांगले. फलक बनवणाऱ्यांकडे असे तुकडे वजनावर स्वस्तात मिळतात. नुसते पातळ झाकण हवे असेल तर पेट चालेल, ते कात्रीनेही कापते. सध्या गावोगाव लेझरने कापून देणारी दुकाने झाली आहेत. ॲक्रिलिक लेझरने सुंदर कापले जाते. पॉलीकार्बोनेट करपते. आणि पी.व्ही.सी. लेझरखाली कधीही ठेवू नये, त्याचा विषारी वायू माणसालाही मारक आणि यंत्रालाही.

हिशेब आधी, खरेदी नंतर

पूर्ण पत्रा बहुधा ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे ३२ चौरस फुटांचा असतो. दुकानदार चौरस फुटावर कापूनही देतो. दीड फूट रुंद, एक फूट खोल आणि दोन फूट उंच अशी पेटी करायची आहे असे धरू. पुढची बाजू ३ चौरस फूट, दोन्ही कडा मिळून ४, वरचे झाकण दीड. एकूण साडेआठ चौरस फूट. मागची बाजू आणि तळ प्लायवुडचा करावा, पैसे वाचतात आणि पेटी भिंतीला पक्की बसते. एवढ्या पेटीला ४ मि.मी. जाडी पुरते. पत्रा घेताना जाडी मोजून घ्यावी. सामाजिक पैशांचा माल असेल तर बिल घ्यावे आणि बिलावर नुसते ‘फायबर’ किंवा ‘प्लास्टिक शीट’ न लिहिता मालाचे नाव लिहून मागावे. नाव लिहायला दुकानदार कचरला तर समजून घ्यावे.

हाताळताना

काम पूर्ण होईपर्यंत वरचा कागद किंवा झिल्ली काढू नये. खुणा त्याच्यावरच कराव्यात.

३ मि.मी.पर्यंतचे ॲक्रिलिक करवतीशिवायही तुटते. हॅक्सॉचे जुने पाते घासून आकडीसारखे टोक करावे, लोखंडी पट्टीला धरून सात-आठ वेळा ओढावे आणि टेबलाच्या कडेला धरून एका झटक्यात तोडावे. पॉलीकार्बोनेट असे तुटत नाही. त्याला बारीक दात्यांची करवतच लागते.

लोखंडाचे धारदार ड्रिल ॲक्रिलिकमध्ये एकदम घुसते आणि पत्रा फाटतो. ड्रिलच्या टोकाची धार दगडावर थोडी मारून बोथट करावी. खाली लाकडाची फळी ठेवावी, हळूहळू आणि थांबत थांबत छिद्र पाडावे. छिद्र स्क्रूपेक्षा एक-दोन मि.मी. मोठे हवे. एक मीटर लांबीचे ॲक्रिलिक ३० अंश तापले की सुमारे २ मि.मी. वाढते. त्याला हलायला जागा नसेल तर ते चिरते. रबरी वायसर घालावा आणि स्क्रू आवळून आवळून बसवू नये. आमच्या पहिल्या पेटीच्या चिरा स्क्रूपासूनच निघाल्या होत्या. माल हलका होता हे खरे, पण हातही चुकला होता.

ॲक्रिलिक जोडायला कारागीर क्लोरोफॉर्म किंवा तसेच पातळ द्रावण वापरतात. कडा घासून सपाट कराव्यात, एकमेकींना टेकवाव्यात आणि बारीक सुईच्या पिचकारीने फटीत द्रावण सोडावे. ते आपोआप आत ओढले जाते. या द्रावणाची वाफ अंगाला वाईट असते. बंद खोलीत, चुलीजवळ, लहान मुलांजवळ किंवा गरोदर स्त्रीजवळ हे काम करू नये. बाटलीवर नाव लिहून ती उंचावर ठेवावी. पाण्यासारखे दिसणारे द्रावण पाण्याच्या बाटलीत ठेवल्याने घात होतो. झटपट चिकटणाऱ्या डिंकाने सांध्याभोवती पांढरा धूर बसल्यासारखे डाग पडतात, म्हणून पेटीला तो लावू नये.

पुसताना साध्या साबणाचे पाणी आणि मऊ सुती फडके घ्यावे. आधी पाण्याने धूळ ओघळू द्यावी, मग पुसावे. कोरड्या फडक्याने धूळ घासली की ओरखडे पडतात. थिनर, पेट्रोल, स्पिरिट आणि काच पुसायचे अमोनियाचे पाणी या पत्र्यांना लावू नये.

शेवटचे दोन शब्द

भगवान बुद्धांनी केसमुत्त गावच्या कालामांना सांगितले होते की, केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका. स्वतः पडताळून पाहा. आपण वंदनेत रोज धम्माचा ‘एहिपस्सिको’ हा गुण म्हणतो. या आणि पाहा, असा त्याचा अर्थ. हा उपदेश मोठ्या गोष्टींसाठी आहे, यात शंका नाही. पण ज्याला बाजारात पत्रा पडताळून घेण्याची सवय लागते, त्याला पुढाऱ्याचे भाषण आणि बुवाचा अंगारा पडताळण्याचीही सवय लागते, असा आमचा अनुभव आहे.

आणि दुसरा शब्द तरुण कामगार बंधूंसाठी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराच्या अंगाला आणि आयुष्याला किंमत आहे, हे त्यांनी सरकारी कागदावर आणले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात ३५ वे कलम डोळ्यांच्या संरक्षणाचे होते. ठिणग्या आणि कण उडणाऱ्या कामावर आडोसा किंवा गॉगल पुरवण्याची जबाबदारी त्यात मालकावर टाकली होती. कायद्यांची नावे बदलतात, पण ती जबाबदारी मालकाची आहे हे विसरू नका. आमच्या तरुणाने घरून तुकडा नेऊन लावला, त्यात त्याचा कष्टाळूपणा होता. पण तो आडोसा त्याला मागून मिळायला हवा होता. एकट्याला मागायला भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून मागावा.

आता त्या ग्राईंडरवर पॉलीकार्बोनेटचा आडोसा बसला आहे. कारखान्यातल्या पाच जणांनी एकत्र जाऊन मागितला, तेव्हा मिळाला. बसवण्याआधी त्याने पत्र्याचा बोटभर तुकडा विहारात आणला. महिला मंडळासमोर आम्ही तो वाकवून दाखवला, मग अंगणात जाळून दाखवला. तो वाकला पण तुटला नाही, आणि ज्योत काढताच थोड्या वेळात विझला. तेव्हा कुठे तो म्हणाला, ‘‘काका, आता लावतो.’’

जयभीम! जय बुद्ध!